संध्याकाळचा हिशेब

लूककृत शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायात एक धनी आपल्या कारभाऱ्यास बोलावून त्याच्याकडे हिशेब मागतो. प्रिय बंधुभगिनींनो, हिशेब म्हणजे काय हे आपल्या नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. हिवरे बाजार येथील ग्रामस्थ पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि त्याप्रमाणे पिके ठरवितात. पाण्याचा हिशेब जाणणारे आपण, मुलांच्या वेळेचा हिशेब ठेवतो काय?

सन २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासाकरिता मोबाईल आपणच मुलांच्या हाती दिला. शाळा पुन्हा भरल्या, परंतु मोबाईल हातातून सुटला नाही. आता आठवी-नववीचा मुलगा मध्यरात्रीपर्यंत इन्स्टाग्राम पाहत जागतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात कोणा लेकीची थट्टा येते, ती तो सहज पुढे पाठवितो. आणि सकाळी ती मुलगी शाळेत जावयास भिते. एक चित्र संपते न संपते तोच दुसरे पुढे यावे, अशीच ह्या साधनाची रचना आहे. म्हणून सर्व दोष लेकरांच्याच माथी मारणे न्यायाचे नव्हे.

ऑस्ट्रेलिया देशात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस अशा माध्यमांवर खाते ठेवू देण्यास कायद्याने मनाई झाली. परंतु कायदा कोणाच्या चुलीपाशी येऊन बसत नाही. तेथे आईबापच बसतात.

एके सायंकाळी आम्ही एका घरी मुलास ह्याच गोष्टीचा बोध करीत होतो. इतक्यात आमच्या खिशातील मोबाईल वाजला, आणि आम्ही बोलणे सोडून तो पाहू लागलो. मुलगा काही बोलला नाही. त्याने केवळ आमच्याकडे पाहिले. त्या घटकेस हिशेब आम्हांसच द्यावा लागला.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने सन २०२२ मध्ये ह्याविषयी चांगला कित्ता घातला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे, आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद होत. मुलांचेच नव्हे, तर थोरांचेही.

आपणही तसेच करू या. दिवेलागणीस सर्वांचे मोबाईल फडताळात ठेवावे, आणि पहिला बापाचा ठेवावा. मग मुलास जवळ घेऊन, न रागावता विचारावे: बाळा, आज काय पाहिलेस? कोणाविषयी काय पाठविलेस? त्याने कोणास दुखविले असेल, तर त्यास तिच्या घरी नेऊन क्षमा मागावयास लावावे. आणि जिची थट्टा झाली, तिला शाळेतून काढू नका. दोष तिचा नव्हे. तिच्या गुरुजींस सांगा. गरज पडल्यास १०९८ ह्या बालसाहाय्य क्रमांकावर कळवा.

लेकरे आपली मालमत्ता नव्हेत. ती धन्याची ठेव आहे. तो हिशेब मागेल, तेव्हा आपली मान खाली न जावो. आमेन.