तास नसलेला दिवस

जपानमध्ये शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपतं. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुलं उच्च माध्यमिकच्या प्रवेश परीक्षेला जुंपलेली असतात. इंग्रजीच्या तासालाही जुन्या प्रश्नपत्रिकाच सोडवल्या जातात. अशा दिवशी परदेशी सहायक शिक्षकाला सकाळीच कळतं की आज त्याचा एकही तास नाही. तरी त्याने शाळेत यायचं, बूट काढून आतल्या चपला घालायच्या आणि शिक्षकांच्या खोलीत आपल्या टेबलाशी संध्याकाळपर्यंत बसायचं. बाहेर बर्फ, व्हरांडे गारठलेले. ऊब असते ती बहुधा या एकाच खोलीत, रॉकेलच्या स्टोव्हपाशी.

1987 साली सुरू झालेल्या ‘जेट’ कार्यक्रमातून असे हजारो तरुण जपानच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत गेले. बहुतेकांकडे तिथला अध्यापन परवाना नसतो. त्यांनी जपानी शिक्षकाबरोबर उभं राहून शिकवायचं, एकट्याने वर्ग चालवायचा नाही. म्हणजे दुसऱ्याने बोलावल्याशिवाय त्यांचं काम सुरूच होत नाही.

आणि शेजारच्या टेबलांवर काय चाललेलं असतं? ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2018 च्या पाहणीत जपानचे माध्यमिक शिक्षक आठवड्याला सरासरी 56 तास काम करताना आढळले. पाहणीतल्या सगळ्या देशांत हा आकडा सर्वांत मोठा होता. शिकवण्यापलीकडे कागदपत्रं, पालकांचे फोन, संध्याकाळचे क्रीडावर्ग, सगळं त्यांच्याच गळ्यात. एका टेबलावर वेळ जाता जात नाही, दुसऱ्या टेबलावर तो पुरत नाही, आणि दोघांमध्ये हातभराचं अंतर. मला या दिवसाची खरी नैतिक अडचण इथे दिसते.

अशा वेळी माणूस कामात असल्याचं सोंग घेऊ लागतो. तीच फाईल पुन्हा उघडायची, तोच तक्ता पुन्हा रंगवायचा. यात कुणाचं नुकसान दिसत नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटतं, पण मला तसं वाटत नाही. सोंगामुळे रिकामा वेळ लपतो, आणि लपलेला वेळ कुणालाच मागता येत नाही. दमलेल्या सहकाऱ्याला वाटतं, हाही कामातच आहे, याला कशाला त्रास द्या. उघडपणे रिकामं बसायला धीर लागतो, पण त्या रिकामेपणाचा निदान कुणाला तरी उपयोग होऊ शकतो.

असा परदेशी शिक्षक पूर्वीही होऊन गेला. लेखक लाफ्काडिओ हर्न 1890 साली जपानमधल्या मात्सुए इथल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला गेले. तिथल्या कडाक्याच्या थंडीने ते आजारीही पडले. त्यांचं 1894 चं ‘ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलियर जपान’ हे पुस्तक वाचताना लक्षात राहतात ती त्यांच्या घरी येणारी मुलं. ती घरातल्या जुन्या वस्तू दाखवायला आणत, बसत, बोलत. मुलांचे निबंध हर्न इतक्या आस्थेने वाचत की त्यांतले उतारे त्यांनी पुस्तकात घेतले. यातलं बरंचसं वेळापत्रकात कुठे लिहिलेलं नव्हतं. आपला मोकळा वेळ त्यांनी मुलांना दिसू दिला होता.

आजच्या सहायकालाही वाव आहे. दुपारच्या जेवणाला एखाद्या वर्गात बसता येतं, रोजच्या सफाईच्या वेळी मुलांबरोबर फडकं हातात घेता येतं. ‘एइकेन’ या इंग्रजी परीक्षेची तोंडी फेरी याच हंगामात असते. तिला बसणाऱ्या मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणारा माणूस हवा असतो. हा सराव घेण्याएवढी फुरसत त्या खोलीत बहुधा एकाच टेबलाशी असते.

अर्थात सगळा भार त्या परक्या तरुणावर टाकणं अन्यायाचं होईल. त्याला भाषा अर्धवट येते आणि मध्येच बोलणं उद्धटपणा ठरेल अशी भीती असते. तरी त्याने दिवस सुरू होताच उपमुख्याध्यापकांच्या टेबलापाशी जाऊन आज मी मोकळा आहे, काय करू, असं सरळ विचारावं. आणि उपमुख्याध्यापकांनीही केवळ सौजन्य म्हणून ‘काही नको, बसा’ असं सांगून त्याला परत पाठवू नये.