न बोलतां विचारलेला प्रश्न



मालवण तालुक्यांतील धामापूरचा तलाव आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनीं गांवकऱ्यांच्या साह्यानें तो इ. स. १५३० मध्यें बांधविला; आणि २०२० सालीं आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानें त्यास जागतिक वारशाचा मान दिला. हा मान मिळण्यापूर्वीं शेंकडों वर्षें ते पाणी खालच्या शेतांना मुकाट्यानें मिळतच होतें. पाणी आपली दवंडी पिटीत नाहीं, पण शेजारचें शेत हिरवें दिसलें, म्हणजे कोरड्या शेताचा धनी सहजच विचारतो, "ह्याला पाणी कोठून येतें?"

सदाचरणाविषयीं एक प्रश्न पुष्कळ उपदेशक बंधु आम्हांस विचारतात. आपला प्रकाश लोकांपुढें पडूं द्यावा, असें प्रभूनें शिकविलें. आणि लोकांनीं पाहावें म्हणून धर्माचरण करूं नये, असेंही त्यानेंच बजाविलें. (मत्तय अध्याय ५ व ६ पाहा.) मग या दोन्ही आज्ञा एकाच वेळीं पाळाव्या कशा?

याचें उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत सांपडतें. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींकडे राहिल्या होत्या. तेथून त्यांना लंडनमधील त्यांच्या एका आश्रमांत नेण्यांत आलें. जगानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथें आश्रय मिळत असे. इतकेंच नव्हे, तर त्यांपैकीं कित्येक जणी पालटून स्वतःच आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. तें पाहून रमाबाईंनीं विचारलें कीं, अशा स्त्रियांविषयीं ख्रिस्ती लोकांना एवढी कळकळ कां वाटते? तेव्हां एका भगिनीनें त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आणि पुढें केडगांवीं त्यांनीं तशाच स्त्रियांसाठीं कृपासदन काढलें.

येथें क्रम ध्यानांत घ्यावा. आधीं आचरण, मग प्रश्न, आणि मग वचन. त्या भगिनी रमाबाईंना दाखविण्यासाठीं सेवा करीत नव्हत्या. त्यांची दृष्टि त्या दुःखी स्त्रियांवर होती. दिवा ज्याच्या कामासाठीं लाविला त्याच्याजवळ ठेविला होता. वाटेनें जाणाऱ्यास तो आपोआप दिसला. दोन्ही आज्ञा अशा एकत्र पाळल्या जातात.

परंतु आव्हान नेहमीं आमच्याकडूनच इतरांना जातें, असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या सेवेच्या आरंभीं आम्हीं एका गांवीं प्रामाणिकपणावर मोठ्या आवेशानें भाषण केलें. ऐकणाऱ्यांत तेथला वाणी होता, आणि त्याची चार महिन्यांची उधारी आमच्याकडे थकली होती. तो ख्रिस्ती नव्हता. भाषण संपल्यावर त्यानें रामराम केला, मुलांची विचारपूस केली, आणि पैशांचा शब्दही न काढतां तो निघून गेला. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. त्यानें चारचौघांत हिणविलें असतें, तर आम्हीं रागावलों असतों व दहा सबबी सांगितल्या असत्या. त्यानें दोष दिला नाहीं, म्हणून आम्हांस सबब उरली नाहीं. आठवड्याच्या आंत आम्हीं पैसे चुकते केले.

तेव्हांपासून आमचें मत असें बनलें आहे कीं, जो सद्गुण दुसऱ्याकडे तुच्छतेनें पाहतो तो केवळ लाजवितो. आणि लाजलेला मनुष्य बहुधा पाठ फिरवितो. जो सद्गुण मुकाट्यानें आपलें काम करितो, तो दुसऱ्यालाही लाजवितो खरा. पण त्याला उठून उभें राहण्यास जागा ठेवितो.

यास्तव, बंधूंनो, गांवांत आपल्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं, अशी तक्रार करण्यापूर्वीं आपण स्वतःस विचारावें: विचारण्याजोगें आपल्या वागण्यांत कांहीं आहे काय? आपलें माप पुरें आहे काय? मजुराची मजुरी वेळेवर जाते काय? आणि शेजाऱ्याच्या चांगुलपणांत देव आपणांस कांहीं शिकवीत असेल, तर तें शिकण्याची नम्रता आपणांत आहे काय?

प्रभु आपणां सर्वांस ती नम्रता देवो.