रोस्ट, वाटा आणि पंचवीस डिसेंबर

पंचवीस डिसेंबर जवळ आला की आपल्या पोरांत एक वाद हमखास निघतो. १९२७ साली त्याच दिवशी महाडला मनुस्मृती जळाली. आणि त्याच दिवशी नाताळ असतो. वसईपासून गोव्यापर्यंत कित्येक ख्रिस्ती घरांत त्या दिवशी मोठ्याच्या मांसाचा अख्खा तुकडा भाजून टेबलावर येतो, त्याला रोस्ट म्हणतात. आपली काही तरुण मंडळी म्हणतात, दहन दिनाच्या संध्याकाळी आपणही रोस्ट करू, सगळ्या वस्तीला वाढू, ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबू द्या. लगेच दुसरी बाजू उठते. बाबासाहेबांनी ते खाणं सोडायला सांगितलं, आपण बौद्ध आहोत, पंचशील घेतलंय, मग हा उद्योग कशाला?

मित्रांनो, दोन्ही बाजूंनी प्रश्न अर्धाच धरलाय असं मला वाटतं.

आधी रोस्ट म्हणजे काय ते बघू. नुसत्या शब्दावर भांडायला आपण काही पंडित नाही. दीड-दोन किलोचा एकच तुकडा, पाठीचा नाहीतर मागच्या मांडीचा, बिनहाडाचा. आदल्या रात्री मीठ, मिरी, लसूण आणि थोडं व्हिनेगर चोळून ठेवायचं. ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर चारी अंगांनी खरपूस करून घ्यायचा, थोडं पाणी घालायचं, झाकण ठेवायचं आणि मंद जाळावर दोन-तीन तास सोडून द्यायचं. उतरवल्यावर लगेच सुरी लावायची नाही, जरा मुरू द्यायचं. मग मांसाच्या रेषेच्या आडवं पातळ कापायचं. मसाला जवळजवळ नाहीच. मांस मुळातच चांगलं असेल तरच हे जमतं.

आता आपल्या आज्यांची चूल आठवा. तिथं असा अख्खा तुकडा कधी आला? आलं ते डोकं, खूर, वजडी, रकती. जे आलं त्याचे बारीक तुकडे केले, येसर घातला आणि रस्सा लांबवला, कारण खाणारी तोंडं दहा-पंधरा. जास्त आलं तर लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळवल्या. त्या चान्या. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा तेव्हा त्याच कामाला यायच्या. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून हा सगळा स्वयंपाक कागदावर आणला. तोवर मराठीतल्या पाककृतींच्या पुस्तकांना आपली चूल दिसलीच नव्हती. आमच्या बायांच्या हाताला चव होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्या चवीचा जन्म वाट्याला आलेल्या मांसातून झाला. रोस्टसाठी माणसाला दुकानात उभं राहून ‘तो तुकडा दे’ म्हणता यावं लागतं.

कुणाला कोणता तुकडा, हा प्रश्न या देशात फार जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञात मारलेल्या पशूची वाटणीच दिलीय. छत्तीस वाटे. जबडा जिभेसकट प्रस्तोत्याला, छाती उद्गात्याला, अशी यादी लांबत जाते. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात ती यादी वाचकापुढं ठेवली. पाहुण्याला ‘गोघ्न’ का म्हणत, तेही सांगितलं. ज्याच्यासाठी गाय मारायची तो पाहुणा. म्हणजे सणासुदीच्या पंगतीत हे मांस वाढायची रीत कुणाची होती ते बघा! तिकडं छत्तीस वाटे, आणि इकडं महारांचे बावन्न हक्क, बिदरच्या बादशहानं दिले म्हणून सांगतात ते. त्यात मेलेल्या ढोराचा हक्क आमचा. जनावर तेच. ते मारून तुकडे पाडणाऱ्यांना देव भेटले, आणि मेल्यावर ओढून नेणारे अस्पृश्य झाले.

आणखी एक गोष्ट आपली पोरं विसरतात. मनुस्मृतीत गोवध हे उपपातक आहे, दुय्यम पाप. ब्राह्मणहत्या महापातक. त्याच पोथीच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की विधीनं दिलेलं मांस जो खात नाही तो मेल्यावर एकवीस जन्म पशू होतो. तेव्हा मोठ्याचं मांस खाल्लं की मनूला उत्तर दिलं, हे गणित मुळातच चुकतं. मनूला मांसाचं वावडं नव्हतं. त्याला पायरी हवी होती. आपण रोस्ट केला आणि वाढताना पायरी ठेवली, तर मनू आपल्याच पंगतीत जेवून जाईल.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला काय सोडायला सांगितलं? मेलेल्या जनावराचं मांस सोडा आणि उष्टे तुकडे मागणं सोडा. दोन्ही एका दमात सांगितलं. बारीक चालेल की मोठं, याची ती यादी नव्हती. गावानं फेकलं ते उचलायचं नाही, हा तो नकार होता. त्या नकारापायी गावोगाव बहिष्कार सोसले लोकांनी. नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्या काळचा किस्सा सांगितला होता. मेलेली ढोरं ओढणं सोडल्यानं अस्पृश्यांचं वर्षाला किती रुपयांचं नुकसान होतं याचा हिशेब कुणी वर्तमानपत्रात छापला होता. एवढा फायदा असेल तर तुम्हीच का करत नाही, असा त्यांचा सवाल. त्या सवालाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

पण त्याच नकाराचं आपल्यातल्या काहींनी सोवळं करून टाकलं. नोकरी लागली, फ्लॅट झाला, की ‘आम्ही फक्त बारीक खातो’. वस्तीतल्या मावशीच्या घरून मोठ्याचा वास आला की खिडकी लावून घ्यायची. हा साला कुठला धम्म? बामणानं आपल्याला जे केलं तेच आपण मावशीला करतोय, फक्त भिंतीवर फोटो बाबासाहेबांचा.

दयेचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करीन असं आपण म्हटलंय. भिक्षूंना मांस बंद करा ही देवदत्ताची मागणी भगवंतांनी मानली नाही, हे खरं. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तसा संशयही नाही, असं मांस भिक्षूला चालत होतं. पण आपण भिक्षापात्र घेऊन निघालेलो नाही, आपण पिशवी घेऊन दुकानात जातो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. तो फरक इथं लावा. कुणाला तरी झोंबावं म्हणून जनावराचा जीव गेला, तर ती गरज कशी? ती इच्छाच, आणि तीही दुसऱ्याच्या रागावर पोसलेली. उलट, वस्तीतली दोनशे माणसं वर्षातून एकदा एका पंगतीत बसतात, पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या वाट्याला खूर आणि डोकं आलं त्यांच्या ताटात पाठीचा तुकडा पडतो, याला मी गरज म्हणतो. कुणी म्हणेल ही पळवाट. म्हणू द्या.

उस्मानिया विद्यापीठात एप्रिल २०१२ मध्ये विद्यार्थ्यांनी बीफ फेस्टिव्हल केला तेव्हा हल्ला झाला, दगडफेक झाली. त्या पोरांचा मुद्दा वसतिगृहाच्या जेवणात आपलं अन्न का नाही, हा होता. म्हणजे पुन्हा वाट्याचाच. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ताटाचा फोटो काढून मोबाइलवर टाकायचा आणि घरी जाऊन झोपायचं, यात कसली हिंमत? त्याची किंमत बहुधा दुसराच मोजतो. महाराष्ट्रात गाईवर बंदी १९७६ च्या कायद्यानं होतीच, २०१५ साली बैल आणि वळूही त्यात आले. मारल्यास पाच वर्षं कैद. बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये रद्द केलं, बंदी मात्र कायम राहिली. म्हशी-रेड्याचं मांस चालतं. पण जमावाला कलमं वाचायची सवय नसते. दादरीजवळ २०१५ साली घरात गोमांस असल्याच्या नुसत्या अफवेवरून एका मुसलमान माणसाला ठेचून मारलं. तुमचा फोटो फिरला की पहिली धाड पडेल ती आपल्याला मांस विकणाऱ्या कुरेशीवर. आपला विद्रोह आणि मार त्याला, हे मला नैतिक वाटत नाही.

गुजरातेत उनाला जुलै २०१६ मध्ये मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून झोडपलं. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं सरकारी कचेरीपुढं आणून टाकली. तुमची माता, तुम्ही सांभाळा. त्या दिवशी कुणी काही शिजवलं नव्हतं, तरी सरकारला घाम फुटला.

तेव्हा करायचाच असेल तर करा, मी पंगतीला येईन. दोन-तीन तास पातेल्याजवळ पोरांनी उभं राहायचं. भाषणं पुरुषांची आणि जाळ बायांचा, हा प्रकार दहनाच्या दिवशी तरी नको. पहिला तुकडा अध्यक्षाला, दुसरा पाहुण्याला असं चालणार नाही, रांगेत जो पुढं त्याला. जो खात नाही त्याच्यासाठी पिठलं-भाकर त्याच ओळीत वाढायची, टोमणा न मारता. म्हाताऱ्यांना रोस्ट चावणार नाही, त्यांचे तुकडे बारीक करून रश्श्यात टाका, येसर घालून. मांस रेड्याचंच घ्या, दुकानदाराकडून पावती मागून घ्या, आणि पंगत उठेपर्यंत ती कुणीतरी खिशात ठेवा.