जिद्द कोणाची?

चाळिशी ओलांडल्यावर पदवी मिळवणाऱ्या बाईची बातमी आली, की मथळ्यात ‘जिद्द’ हमखास असते. मला हा शब्द खटकतो. टिकली ती जिद्दीची म्हटलं, की मध्येच सोडून गेलेली बिनजिद्दीची ठरते.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. बारावी न झालेल्यांसाठीही त्यानं पूर्वतयारीची वाट ठेवली. पण गंगा दारात आली, तरी घागर भरायला हात मोकळे लागतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारी संपर्कसत्रं घेतो. एका वर्षी पेरणी आणि परीक्षा एकाच पंधरवड्यात आली. माझ्या वर्गात मेहकर तालुक्यातल्या दोघी होत्या. दोघींच्या शेतात सोयाबीन, दोघींचे गृहपाठ वेळेवर. एकीच्या जावेनं पंधरा दिवस तिची चूल आणि लेकरं सांभाळली. ती परीक्षेला बसली. दुसरीच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, आणि तिच्याजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं. तिनं त्या वर्षी शिक्षण सोडलं. या दोघींतला फरक जिद्दीच्या मापानं कसा मोजणार?

मग टिकणं म्हणजे नुसती घरच्यांची मेहेरबानी का? तसंही नाही. सवड मिळूनही सोडणारे असतात. परीक्षा दिलेल्या बाईला मी विचारलं, “आता पदवीचा उपयोग काय?” ती म्हणाली, “सर, सातबारा सासऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या. हे पुस्तकं तेवढे माह्या नावावर आले.” अठरा वर्षांच्या मुलाला आपण असा उपयोग विचारत नाही. त्याचं शिकणं आपण गृहीत धरतो. तिला मात्र आधी कारण द्यावं लागतं.

म्हणजे शिकण्याचं कारण तिचं स्वतःचं होतं, वेळ मात्र उसना होता. कारण दुसरीकडेही होतं. तिला वेळ उसना द्यायला कुणी नव्हतं, एवढंच. कौतुक करताना आपण कारणाचं करतो आणि उसनवारी विसरतो. त्यामुळे जावेचं श्रेय बुडतं, आणि दुसरीचं जे देणं आपल्या सगळ्यांकडे निघतं, तेही बुडतं. आजारी सासूजवळ बसायला गावात एखादी व्यवस्था असती, तर तीही त्या बाकावर दिसली असती.

अशी बातमी वाचली, की मी आता एवढंच विचारतो: परीक्षेच्या दिवसांत हिच्या घरी भाकरी कोणी थापल्या?