घण कुणाचा, नाव कुणाचे?

कीर्ती ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. पैसा माणूस मोजून देतो व मोजून घेतो. कीर्ती मात्र देणाराही मोजत नाही आणि घेणाराही मोजत नाही. त्यामुळे एखाद्याच्या नावाचा जो गाजावाजा झाला, तो त्याच्या कर्तृत्वाला साजेसा आहे की नाही, हा वाद कायमचा शिल्लक राहतो. सणासुदीला चार माणसे जमली व फराळाची ताटे पुढे आली, की तो हटकून निघतो. अमक्या गवयाला लोकांनी उगाच डोक्यावर घेतले आहे, तमक्या पुढाऱ्याची भाषणे दुसराच लिहून देतो, अशी सुरुवात होते. चिवडा संपतो, वाद संपत नाही.

यवतमाळला लागूनच असलेले आमचे लोहारा गाव याला अपवाद नाही. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे पऱ्हाटीची वावरे, असे हे गाव. येथली तरुण मुले कानांत यंत्रे घालून साऱ्या जगाचे गाणे ऐकतात. माझा पुतण्या त्यांतलाच एक. त्याचे दैवत म्हणजे अमेरिकेतला डॉ. ड्रे. हा कुणी वैद्य नव्हे. आंद्रे यंग हे त्याचे खरे नाव, आणि हिपहॉप नावाच्या संगीतात त्याचा शब्द प्रमाण मानतात. हा प्रकार १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या गरीब वस्तीत जन्मला. त्यात शब्द गायचे नसतात, तालावर बोलायचे असतात. त्यात ज्याला प्रोड्यूसर म्हणतात तो पैसे घालणारा शेठजी नव्हे. ताल बांधणे, जुन्या तबकड्यांतले तुकडे वेचून जोडणे, कोणता आवाज केव्हा यावा व केव्हा थांबावा हे ठरवणे, हे त्याचे काम. डॉ. ड्रेच्या १९९२ च्या 'द क्रॉनिक' या संग्रहाने त्या संगीताचे वळणच बदलले, असे जाणकार सांगतात.

माझ्या थोरल्या बंधूंना हे कसे पटावे? त्यांचा सारा जन्म खंजिरी भजनात गेला. पुतण्याने मोठ्या कौतुकाने त्यांना एक गाणे ऐकवले आणि बोलता बोलता हेही सांगून टाकले, की १९९९ सालच्या या गाण्यातला पियानो स्कॉट स्टॉर्च नावाच्या माणसाने वाजवला आहे व शब्द जे-झी या दुसऱ्याच कलावंताने लिहून दिले आहेत. बंधू उसळले. "पेटी दुसऱ्यानं वाजवली, पद दुसऱ्यानं रचलं, मग या बुवानं केलं काय? नुसता टिळा लावून बसला?" पुतण्याही मागे हटणारा नव्हता. "मोठेबाबा, तोच पियानो अन् तेच शब्द दुसऱ्या कुणाजवळ असते, तर हे गाणं झालं असतं का?"

दोघांचेही म्हणणे मला अर्धे पटले, आणि अर्धे पटलेले मत पूर्ण न पटलेल्या मतापेक्षा जास्त छळते. शिवाय हा प्रश्न अमेरिकेपुरता मुळीच नाही. आपण ज्यांची गाणी गुणगुणत लहानाचे मोठे झालो, त्या आपल्याच संगीतकारांनाही तो लागू पडतो.

सी. रामचंद्रांचेच उदाहरण घेऊ. पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर हे आपल्या मराठी माणसाच्या अभिमानाचे नाव. १९५१ च्या 'अलबेला'तल्या गाण्यांनी देशभर धमाल उडवून दिली. ती ठसकेबाज पाश्चात्त्य लय, ते ट्रम्पेटचे खट्याळ तुकडे आले कुठून? त्यांत मोठा वाटा होता चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाचा. आंतोनियो झेवियर वाझ हे त्याचे मूळ नाव, हळदोणे हे त्याचे गाव. मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत तो जॅझ वाजवी, आणि सी. रामचंद्रांना वाद्यमेळाच्या कामात साह्य करी. १९५० च्या 'समाधी'तले 'गोरे गोरे' हे गाणे तर १९४५ च्या 'डॉल फेस' या अमेरिकन बोलपटातल्या कार्मेन मिरांडाच्या गाण्यावरून सरळ उचललेले. आता बंधूंच्या न्यायाने पाहू गेल्यास सी. रामचंद्रांची कीर्ती उसनीच ठरेल.

पण ती तशी ठरत नाही. कारण याच माणसाने १९५३ च्या 'अनारकली'ला ज्या चाली दिल्या, त्यांत जॅझचा मागमूस नाही. याच माणसाने माडगूळकरांचे 'गीतगोपाल' स्वरबद्ध केले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी जे गीत गाऊन हजारोंचे डोळे ओले केले, त्या कवी प्रदीपांच्या शब्दांना चालही यांचीच. चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटला कुठे हसू द्यायचे, हे ज्या कानाने ओळखले, त्याच कानाने ट्रम्पेट कुठे नकोच हेही ओळखले. कीर्ती असलीच तर त्या कानाची आहे.

हा कान म्हणजे काय, हे आमच्या गावाच्या नावातच दडलेल्या लोहाराकडे पाहिले की चांगले समजते. जुन्या पद्धतीच्या भट्टीत लोहार डाव्या हाताने सांडशीत तापलेले लोखंड धरतो. उजव्या हातात त्याच्या लहानसा हातोडा असतो. मोठा घण दुसऱ्याच्या हाती असतो. लोहार आपल्या हातोड्याने लोखंडावर एक हलकी टिचकी मारतो. ती टिचकी जिथे पडली तिथे घण पडला पाहिजे. जोर सारा घणाचा, पण विळ्याला बाक येतो तो टिचकीमुळे. टिचकी चुकली तर घणाच्या दहा तडाख्यांनी लोखंडाचा नुसता चपटा तुकडा होईल. तेव्हा हातोडेवाल्याने काय केले, असे ज्याला विचारावेसे वाटते, त्याने एकदा तो हातोडा स्वतः हाती घेऊन पाहावा.

पुतण्याची बाजू येथवर जिंकते. पण भट्टीत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती बंधूंच्या बाजूची आहे. घण मारणारे माणूस पुष्कळदा लोहाराची घरधनीण असते. भाताही तीच ओढते. विळा मात्र गावात 'अमक्या लोहाराचा' म्हणून ओळखला जातो. तिच्या नावाचा विळा कुणी पाहिला आहे काय? लोहाराची कीर्ती खोटी नाही. ती एकट्याची आहे, एवढेच खोटे आहे.

मला वाटते, सगळ्या वादाची गाठ येथे आहे. कीर्ती खरी की खोटी, असे आपण विचारतो. ती पूर्ण की अपुरी, असे विचारायला हवे.

यावर कुणी म्हणेल, नावाचा एवढा हट्ट कशाला? आमच्याकडे पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हणतात. त्या कुणी रचल्या, कुणाला ठाऊक नाही, आणि त्याचे कुणाला दुःखही नाही. खरे आहे. पण झडतीवर कुणाचेच नाव नसते, आणि तिच्यावर कुणी बंगलाही बांधीत नाही. सगळेच निनावी असतील तिथे अन्याय नाही. एकाचे नाव पाटीवर चढले, की उरलेल्यांचे निनावीपण हे त्याच्या खात्यावरचे देणे होते.

हे देणे किती जड असू शकते पाहा. १९६९ साली अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या एका तबकडीत ग्रेगरी कोलमन नावाच्या वादकाने ड्रमवर सहा-सात सेकंदांचा एक तुकडा एकट्याने वाजवला. पुढे हिपहॉपवाल्यांना तो सापडला. १९८८ साली डॉ. ड्रे ज्या मंडळीत होता तिनेही तो वापरला. आजवर हजारो गाण्यांखाली तोच तुकडा धावतो आहे. त्यावर कित्येकांची घरे उभी राहिली. कोलमन २००६ साली निष्कांचन अवस्थेत वारला. त्या सेकंदांचा एक पैसाही त्याला मिळाला नव्हता. नाव नसते तिथे पैसाही वाट चुकतो. म्हणून नावाचा प्रश्न हा निव्वळ मानापमानाचा नाही.

आपल्या लताबाईंची कथा याहून बोलकी आहे. १९४९ साली 'महल'मधले त्यांचे गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे चित्रपटातल्या पात्राचे नाव छापले होते. गाणारी कोण, म्हणून रेडिओकडे विचारणा होऊ लागली आणि मग खरे नाव पुढे आले. ऐकणाऱ्यांनी विचारले, म्हणून ते पुढे आले, हे विसरता कामा नये. पुढे २००२ साली अमेरिकेत 'ॲडिक्टिव्ह' नावाचे एक गाणे गाजले. त्यात लताबाईंचा आवाज होता. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातल्या बप्पी लाहिरींच्या गाण्यातून न विचारता घेतलेला. ते गाणे बांधले होते डीजे क्विक याने, आणि ते प्रसिद्ध केले होते डॉ. ड्रेच्याच कंपनीने. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. बप्पी लाहिरींचे नाव दिल्याशिवाय ती तबकडी विकू नये, असा आदेश २००३ साली निघाला. न्यायाधीशानेही आधी नावच मागितले, याचे मला मोठे समाधान वाटते.

तेव्हा डॉ. ड्रेची कीर्ती योग्य की अयोग्य? मला विचाराल, तर टिचकी त्याची आहे आणि ती अस्सल आहे. पियानो वाजवणाऱ्याचे व शब्द लिहिणाऱ्याचे नाव त्या १९९९ च्या तबकडीवर छापलेले आहे. तिथे त्याने देणे फेडले. कोलमनच्या व 'ज्योती'च्या बाबतीत ते फेडले गेले नाही. तिथे त्याच्या कीर्तीला तेवढी वजावट लागली पाहिजे. एकाच माणसाच्या कीर्तीचा काही भाग कमावलेला व काही भाग उसना असू शकतो. माणूस थोर की भोंदू, अशी एकदम निकालपत्रे देण्याची आपल्याला फार हौस. खरे हिशेब असे गोळाबेरजेने होत नाहीत.

हा हिशेब आपल्याही घरचा आहे. दिवाळीच्या फराळाची वाहवा होते ती गृहिणीची, आणि ती रास्तच आहे. मीठ-साखर किती हे तिच्याच हाताला कळते. पण चकलीची भाजणी दळून आणणारा, पहाटे उठून अनारशाचे पीठ कुटणारी मोलकरीण, जुनी कृती सांगून गेलेली सासू, यांचे नाव पाहुण्यांसमोर जी घेते, तिची वाहवा कमी झालेली मी कधी पाहिली नाही.

शंकर-जयकिशनांच्या भव्य वाद्यमेळामागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा उभे होते. गाणी तोंडपाठ असलेल्या घरांतही हे नाव क्वचितच कुणाला माहीत असते. पण एका गोंयकाराच्या वाट्याला वेगळे भाग्य आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस हे व्हायोलिनवादक व वाद्यमेळाचे रचनाकार. प्यारेलाल लहानपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला. त्यात लक्ष्मीकांत-प्यारेलालांच्या एका गाण्यातून गुरूचे नाव देशभर घरोघर पोचले. ज्यांनी या गुरूला कधी पाहिले नाही, अशी शेंबडी पोरेही ते नाव मोठमोठ्याने घेऊ लागली. ऋण फेडण्याची इतकी स्वस्त आणि इतकी सुंदर रीत दुसरी नसेल. नाव घ्यायला पैसा पडत नाही. पण ते घेण्यासाठी माणसाजवळ आधी स्वतःचे काहीतरी असावे लागते. ज्याच्याजवळ ते असते, त्याच्या कीर्तीबद्दल वाद घालण्याचे मला कारण दिसत नाही.