पाणी चढण्याआधीची ओळख

कामवारी नदीला पूर आला की भिवंडीत पाणी कुठे शिरणार, हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. नदीनाका, ईदगाह रोड, तीनबत्तीची भाजी मंडई. यंत्रमागाच्या कारखान्यात गुडघाभर पाणी आलं की लूमची मोटर जळते आणि बीमवरचं सूत चिखलाने माखून वाया जातं. मालकाचं नुकसान निदान पंचनाम्यात तरी येतं. बिसीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवून कारखान्याच्या माळ्यावर झोपणाऱ्या, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगाराचं भिजलेलं अंथरूण आणि बुडालेली मजुरी कुठल्याच कागदावर येत नाही. पाणी कुठे येणार ते आपल्याला ठाऊक आहे. त्या माळ्यावरच्या माणसाला हाक कोण मारणार, हे मात्र ठरलेलं नाही.

जगात अनेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर फुटबॉलच्या मैदानावरून आलं आहे, आणि भिवंडीने त्याकडे गांभीर्याने पाहावं असं मला मनापासून वाटतं. आपत्ती आणि फुटबॉल म्हटलं की आपल्याला मदतनिधीचे सामने आठवतात. २००४ च्या त्सुनामीनंतर १५ फेब्रुवारी २००५ रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर रोनाल्डिन्योचा संघ आणि शेवचेन्कोचा संघ असा सामना झाला. जगातले नामवंत खेळाडू एकाच संध्याकाळी मदतीसाठी उतरले. ते मोलाचंच होतं. पण निधीचा सामना संपतो, पाहुणे खेळाडू आपापल्या गावी जातात. फुटबॉलची खरी ताकद त्याआधीच्या रोजच्या संध्याकाळींत असते. रोज एकत्र घाम गाळणाऱ्या पोरांना एकमेकांची घरं माहीत असतात. कोणाची आजी अंथरुणाला खिळलेली आहे, कोणाच्या काकाकडे टेम्पो आहे, हे त्यांना विचारावं लागत नाही.

याचा आपल्या मातीतला दाखला कोल्हापूरचा. तिथे फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही संघांची नावं मुळात तालमींची नावं. ज्या तालमीचा संघ शाहू स्टेडियमवर उतरतो, तीच तालीम गल्लीतला गणपती बसवते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये ते ५६ फुटांपलीकडे पोहोचलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, म्हणजे बाहेरून येणारी मदतही अडली. अशा वेळी शहराच्या हाताशी उरलं ते शहरातलंच बळ. पेठापेठांतली तालमी-मंडळांची पोरं माणसं हलवायला आणि जेवण पोहोचवायला बाहेर पडली. महाप्रसादाची मोठी पातेली तयार होती, शेगड्या होत्या, बसायला हॉल होता, आणि कोणी कोणाचं ऐकायचं हे आधीच ठरलेलं होतं. सरकारी यंत्रणेला हे सगळं ऐन पुरात नव्याने उभं करावं लागतं. तालमीकडे ते वर्षभर असतं.

तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी भूकंप झाला. त्या देशात पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. हातायस्पोर क्लबचा घानाचा खेळाडू ख्रिस्तियन आत्सू याने आदल्याच रात्री भरपाई वेळेत विजयी गोल केला होता. त्याचा मृतदेह ढिगाऱ्याखाली सापडला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या इस्तंबूलच्या क्लबांनी आपापली आवारं मदत गोळा करायला उघडली. २६ फेब्रुवारीला बेशिक्ताशचा सामना चार मिनिटं सतरा सेकंदांनी थांबवण्यात आला आणि प्रेक्षकांनी भूकंपग्रस्त मुलांसाठी आणलेली खेळणी मैदानावर फेकली. टोप्या घातलेली अस्वलं, ससे, लोकरी मफलर. हिरवळीवर त्यांचा खच पडला. त्याच दिवसांत स्टेडियममधून सरकारला जाब विचारणाऱ्या घोषणाही उठल्या. मला या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. संघटित माणूस मदतही करतो आणि इमारती का पडल्या, हेही विचारतो.

माणसांइतकीच जागाही मोलाची. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीच्या राजधानीतल्या सिल्वियो कातोर स्टेडियमवर बेघर कुटुंबांचे तंबू उभे राहिले. देशाच्या फुटबॉल महासंघाची इमारत कोसळून आतली माणसं दगावली होती, पण मैदान लोकांना आसरा देत होतं. जपानमध्ये फुकुशिमाचं जे-व्हिलेज हे फुटबॉलचं मोठं प्रशिक्षण केंद्र अणुभट्टीपासून सुमारे वीस किलोमीटरवर. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर ते अणुदुर्घटना आवरणाऱ्या कामगारांचा तळ झालं, हिरवळीवर खडी टाकून गाड्या उभ्या राहिल्या. याच परिसरातल्या महिला क्लबकडून आधी खेळलेली बचावपटू आया सामेशिमा त्या वर्षी जपानच्या संघात होती. १७ जुलैला त्या संघाने अमेरिकेला हरवून विश्वचषक जिंकला. चषकाने एकही घर बांधलं नाही. पण दुःखाखेरीज दुसऱ्या कशावर तरी एकत्र रडायची संधी लोकांना मिळाली. २०१९ मध्ये जे-व्हिलेज पुन्हा पूर्णपणे खेळासाठी खुलं झालं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हाच फुटबॉल माणसांना भिडवतोही. कोल्हापुरातही समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्या आहेत. आणि भिवंडीने तर १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत. इथे गल्लीगल्लीचे संघ उभे करणं म्हणजे गल्लीगल्लीच्या भिंती उंच करणं, असं कोणी म्हणेल. माझं उत्तर भिवंडीच्याच इतिहासातून येतं. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना शांततेच्या काळात एकत्र बसवलं, छोटे तंटे तिथेच मिटवले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. संकटात उपयोगी पडणारी ओळख संकटाआधी करून ठेवावी लागते, हे या शहराने एकदा सिद्ध केलं आहे.

ती वृत्ती नंतरही दिसली. जून २०२० मध्ये करोनाच्या काळात शांतीनगरच्या मक्का मशिदीत सर्व धर्मांच्या रुग्णांसाठी मोफत ऑक्सिजनची सोय झाली. त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली, तेव्हा ढिगाऱ्याला पहिले हात शेजाऱ्यांचे लागले. इथे माया कमी नाही. कमी आहे ती तयारी, आणि एकत्र यायची जागा. गोदामं काल्हेर-पूर्ण्यापासून माणकोलीपर्यंत पसरली, रिकाम्या जागेत ट्रेलर उभे राहिले, आणि पोरं दोन इमारतींच्या मधल्या बोळात चेंडू खेळू लागली. मोकळं मैदान ही पुराच्या रात्री माणसं, भांडी आणि औषधं ठेवायची जागा असते. ते गिळणारा माणूस फक्त खेळ हिरावत नाही, आसराही हिरावतो.

म्हणून मागणी सरळ आहे. पुराच्या रेषेच्या वरची मैदानं महापालिकेने आखून कायमची राखावीत. संघांना आपत्ती व्यवस्थापनाने दोर, लाइफ जॅकेट आणि प्रथमोपचाराचं शिक्षण द्यावं. मुलींचे संघ आवर्जून उभे करावेत, कारण पाणी शिरलेल्या घरातल्या बाईला काय हवं आहे ते मुलीलाच मोकळेपणी सांगितलं जाईल. संघात लूमवर काम करणारी परप्रांतीय पोरं घ्यावीत. आज त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही.

यातल्या एका कामाला तर कोणाची मंजुरीही लागत नाही. दिवाळीनंतर मैदानं वाळतात आणि स्पर्धांच्या जाहिराती लागतात. आयोजकांनी प्रवेश अर्जात अकरा खेळाडूंच्या नावांखाली आणखी एक रकाना वाढवावा: तुमच्या गल्लीत एकटे म्हातारे कोण, आजारी कोण, कुठल्या कारखान्याच्या माळ्यावर किती माणसं झोपतात. तो भरल्याशिवाय संघाला प्रवेश देऊ नये. जूनपर्यंत सगळ्या शहराची यादी तयार होईल, आणि ती लिहिणारी पोरं त्या प्रत्येक दारावर एकदा जाऊन आलेली असतील.