फाळक्यापाशी

बसा. जमिनीवर, खुर्चीत, जिथे असाल तिथे.

पाठ सैल सोडा. तळवे वर करून हात मांडीवर ठेवा. डोळे मिटा.

एक श्वास आत येतो. त्याला येऊ द्या. एक बाहेर जातो. त्याला जाऊ द्या.

आता समोर एक ट्रक उभा आहे. त्याच्याकडे बघा.

जुना टाटा. पुढच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी. म्हणजे 1969 च्या आधीचा, जमशेदपुरात टाटा आणि जर्मन कंपनी मिळून गाड्या बांधत तेव्हाचा. रंग उन्हाने खाल्लेला. हौद्याच्या फळ्या धुळीने माखलेल्या.

बघत राहा. घाई नाही.

गाव मूल. जिल्हा चंद्रपूर. सत्तरीचं दशक, मे महिना. छोट्या रुळांची गाडी नुकतीच निघून गेली आहे. फलाटावर उतरलेली पोरं पिशव्या सांभाळत ट्रकभोवती जमली आहेत. कोणी पुण्याची, कोणी नागपूरची. साऱ्यांना सोमनाथला जायचं आहे, बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीला.

ही छावणी आजही भरते. 15 ते 22 मे, ऐन उन्हाळ्यात.

श्वास घ्या. हवा नाकाशी गरम लागते. तिला डिझेलचा वास आहे. तापलेल्या ताडपत्रीचा आहे. तापलेल्या मातीचा आहे.

थांबा इथे थोडं.

आमच्या घरात हा ट्रक अजून चालतो. जेवणं झाली, कोणी मे महिन्याचं नाव काढलं, की तो सुरू होतो.

मामा त्याचा आवाज काढून दाखवतो, चढावरचा, दुसऱ्या गिअरमधला. मावशीला हौद्यात म्हटलेली गाणी पाठ आहेत. पहाटेची कुदळ, घमेल्यांची रांग, दुपारची व्याख्यानं, हातावरचे फोड, सगळं दोघं मिळून सांगतात. मध्येच भांडतात. ट्रक निळा होता की हिरवा, हे अजून ठरलेलं नाही.

आई यातलं काही सांगत नाही.

ती फक्त ट्रकमध्ये चढण्याचं सांगते.

तिच्या जागी उभे राहा. फाळका खाली सोडलेला आहे, तरी हौदा छातीइतका उंच. पाय कुठे ठेवायचा कळत नाही. वरून एक माणूस वाकतो.

"दे हात, पोरी."

त्या हाताकडे बघा.

बोटं आखूड आहेत. दोन जवळजवळ नाहीतच. जी आहेत ती आत वळलेली. माणूस सोमनाथलाच राहतो, तिथली शेती करतो. त्याचा कुष्ठरोग बरा झालेला आहे. वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन बरा झालेला आहे. रोग गेला. गेलेली बोटं परत आली नाहीत.

बघत राहा. नजर हलली तर हलू द्या. मग परत आणा.

आईची नजरही हलते. एकोणीस वर्षांची मुलगी. घरात लहानपणापासून ऐकलेलं सगळं त्या क्षणी तिच्या हाताशी येऊन थांबतं. हात वर जात नाही.

वरचा हात तसाच आहे. मागे जात नाही. पुढेही येत नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

या थांबण्याला काही नाव देऊ नका. ते चांगलं नाही, वाईट नाही. ऊन आहे. एक हात खाली येऊन थांबलेला आहे. एक हात अजून वर गेलेला नाही. दोघांमध्ये वीतभर जागा आहे.

त्या वीतभर जागेत बसा.

मग आई हात देते.

हात खरखरीत आहे. कोरडा आहे. मनगटाशी पकड बसते, आणि आई उचलली जाते.

आता हळूच त्याच्या बाजूने ऐका.

या रोगात आधी नसा मरतात. तळव्याला ऊन कळत नाही, काटा कळत नाही. धरलेल्या हाताची ऊब कळत नाही. आईचा तळवा त्याच्या तळव्याला टेकतो, तेव्हा तिथे काहीच होत नाही.

पण त्याचा खांदा जागा आहे.

खांद्याला भार कळतो. तिने हात दिला, हे त्याला तिच्या वजनाने कळतं.

यापाशी थांबा.

स्पर्श नाही. भार आहे.

आता स्वतःच्या तळव्यांकडे या. मांडीवर उघडे पडले आहेत. त्यांना काय कळतं आहे? वारा असेल. घाम असेल. कापडाची कड असेल. जे असेल ते.

मग खांद्यांकडे या. तिथे काय आहे? कोणाचं वजन अजून तिथे आहे का? कोणाला तरी कधी ओढून घेतलं होतं. किंवा कोणी तुम्हाला. शोधू नका. येऊ द्या.

आलं नाही तरी बसून राहा.

हौद्यात आवाज होतो. "सरका, सरका." माणसं गुडघे आवळतात, पिशव्या मांडीवर घेतात. जागा नव्हती, तिथे जागा होते. आई बसते. ट्रक हलतो. एका बाजूला सगळे झुकतात, मग दुसऱ्या. पानं झडलेले साग मागे जाऊ लागतात. कुठूनतरी पावशा ओरडतो.

त्या माणसाचं नाव आईने विचारलं नाही. तेव्हा सुचलं नाही, ती म्हणते. मामा-मावशी तोवर पुन्हा रंगावर आलेले असतात, निळा की हिरवा. ती हसते आणि ताटं उचलायला लागते.

हळूहळू डोळे उघडा. बोटं हलवा, जेवढी आहेत तेवढी.

आणि आज घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसापाशी जा. त्यांना एकच विचारा: तुम्हाला वर कोणी घेतलं होतं?

उत्तर लगेच येणार नाही. तोवर दुसरा प्रश्न विचारू नका.